वारुळावरील अळंब्यांची जातिनिश्चिती

सिंहलद्वीपातून आलेल्या वाळलेल्या नमुन्यांवरून इंग्रज कवकशास्त्रज्ञ माइल्स जोसेफ बर्कली यांनी १८४७ साली एका अळंब्याला ‘अ‍ॅगॅरिकस यूऱ्हायझस’ हे नाव दिले. नावाचा अर्थ ‘उत्तम मूळ असलेला’. देठाचा जमिनीत शिरलेला मूळसदृश भाग बर्कली यांच्या नजरेतून सुटला नव्हता, हे यावरून उघड आहे. मात्र ते मूळ कोठे जाऊन पोचते, हे कपाटातील नमुना सांगू शकत नव्हता.

या उणिवेचे परिणाम दीर्घकाळ टिकले. त्या काळच्या वर्गीकरणाचा भर छत्राची ठेवण, देठावरील वलय आणि बीजुकांचा रंग यांवर असे. कोणी एक लक्षण प्रमाण मानले, कोणी दुसरे. परिणामी हे अळंबे कोलिबिया, आर्मिलारिया, व्होल्वारिया अशा निरनिराळ्या प्रजातींत फिरत राहिले. सिंहलद्वीपाचे सरकारी कवकशास्त्रज्ञ टॉमस पेच यांनी वाळवीच्या वारुळांतील कवकबागा आणि वर उगवणारी अळंबी यांचा अभ्यास १९०६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे लक्ष भूपृष्ठाखाली वळले. पुढे १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रोझे एम यांनी वाळवीशी असलेले साहचर्य प्रमाण मानून ‘टर्मिटोमायसीस’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. रोल्फ सिंगर यांनी १९४५ साली याच अळंब्यासाठी सुचविलेले ‘राजप’ हे नाव मात्र मागे पडले.

येथे गोव्यातील लोकनामाची आठवण होणे साहजिक आहे. तेथे या अळंब्यांच्या नावातच ‘रोयण’, म्हणजे वारूळ, हा शब्द आहे. शास्त्राने शतकभराने स्वीकारलेले लक्षण पावसाळ्यात अळंबी वेचणाऱ्यांनी आधीच नावात गुंफले होते. झांबियातील उदाहरण याहून बोलके आहे. मीटरभर रुंदीपर्यंत वाढणारे ‘टर्मिटोमायसीस टायटॅनिकस’ तेथील लोक खात व रस्त्याकडेला विकत. शास्त्रीय वर्णन मात्र पेग्लर आणि पिअर्स यांनी १९८० साली केले. अशा जातीला ‘नवी’ म्हणताना तो शब्द केवळ नामकरणापुरता आहे, हे विसरता कामा नये.

डीएनए-परीक्षणाने या प्रजातीचे स्थान लायोफायलेसी कुलात ठरले. आता छत्र न उगवताही कवकबागेतील जाळ्यावरून वंश ओळखता येतो. त्यामुळे एक नवीच अडचण उभी राहिली आहे: काही वंश केवळ वारुळातील नमुन्यांवरून ज्ञात असून, त्यांचे छत्र हाती नसल्याने पूर्वी वर्णिलेल्या जातींशी त्यांची सांगड घालता आलेली नाही.