तळटीप : प्रमाणित डीएनए-तुकडे

गेवराई-माजलगावच्या शिवारातली बीटी कपाशी हा डीएनए-तुकड्यांच्या जोडकामाचा जुना नमुना. जालन्याच्या महिको कंपनीच्या ज्या संकरित वाणांना २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्यांत फुलकोबीच्या विषाणूचा प्रवर्तक, जिवाणूचे क्राय-१-एसी जनुक आणि सोयाबीनचा समापक अशी साखळी होती. ती घडवली तेव्हा प्रत्येक सांधा वेगळा आखावा लागे.

२००३ मध्ये एमआयटीच्या टॉम नाइट यांनी ‘बायोब्रिक’ रीत मांडली : सर्व तुकड्यांच्या कडा एकसारख्या. एक तुकडा स्पी-१ विकराने कापायचा, दुसरा एक्सबा-१ने. टोके जुळतात, लायगेज हे विकर ती सांधते. खरी गंमत या सांध्यात आहे. तो दोन्हींपैकी कोणत्याच विकराला पुन्हा कापता येत नाही, त्यामुळे जोडलेला तुकडा पुढच्या जोडणीला लगेच तयार! नवशिक्यांना ही रीत म्हणूनच मानवली.

मात्र तुकड्याच्या पोटातच या विकरांची कापजागा निघाली, तर ती आधी बदलून घ्यावी लागते.