येशूला त्याच्या समाजापासून तोडले की काय होते?

येशू ख्रिस्ती नव्हता. तो जन्माने यहुदी होता आणि यहुदी म्हणूनच मेला. आठव्या दिवशी त्याची सुंता झाल्याचे लूकचे शुभवर्तमानच सांगते. तो सभास्थानात जाऊन धर्मग्रंथ वाचत असे, वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जात असे. त्याच्या हयातीत 'नवा करार' नावाचे पुस्तकच नव्हते. त्याचा धर्मग्रंथ एकच, ज्याला आज ख्रिस्ती लोक 'जुना करार' म्हणतात.

मग कोणी म्हणेल, 'पण येशूने जुना धर्म नाकारून प्रेमाचा नवा धर्म दिला ना?' आम्ही विचारतो, प्रेमाची शिकवण त्याने आणली कुठून? शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. देवावर सर्वस्वाने प्रेम करण्याची आज्ञा अनुवादाच्या ६व्या अध्यायात आहे. येशूने या दोन्ही आज्ञा यहुदी ग्रंथातूनच उचलल्या. परूश्यांशी त्याचे वाद झाले हे खरे. पण ते घरातले वाद होते. धर्मग्रंथाच्या अर्थावरून कडाडून भांडणे ही तर यहुदी परंपराच आहे.

हे घरातले भांडण बाहेरच्यांच्या हातात पडले आणि अनर्थ झाला. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमाने त्याच सुमारास किंवा त्यानंतर लिहिली गेली. तोवर येशूचे अनुयायी आणि इतर यहुदी यांच्यात दुरावा वाढत चालला होता. त्या दुराव्याचा कडवटपणा ग्रंथात उतरला. वधस्तंभ ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. पण मत्तयच्या शुभवर्तमानात पिलात हात धुतो आणि दोष यहुदी जमावावर जातो. हा संदर्भ न समजलेल्या वाचकांनी पुढे शतकानुशतके एका अख्ख्या समाजाला 'देवाचे मारेकरी' ठरवले.

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या पुढाऱ्याने यहुदी ग्रंथ साफ टाकून देण्याची मागणी केली. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या चर्चने त्यालाच बाहेर काढले. ग्रंथ राखले, पण ते ज्यांचे होते त्यांच्याबद्दलचा द्वेषही वाढू दिला. १५४३ मध्ये मार्टिन ल्यूथरने यहुद्यांची सभास्थाने जाळा असे लिहिले. १९३९ मध्ये जर्मनीतील आयझेनाख येथे चर्चमधून 'यहुदी प्रभाव' पुसून टाकण्यासाठी खास संस्था उघडली गेली. तिने १९४० मध्ये यहुदी खुणा छाटलेला नवा करार छापला आणि येशू आर्य होता असा प्रचार केला. ज्यांचा ग्रंथ वाचायचा त्यांनाच संपवायचे! त्याच काळात सुमारे ६० लाख यहुदी मारले गेले.

म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही, श्रद्धावंतांचा आहे. शब्दाचेच उदाहरण घ्या. यशयाच्या ७व्या अध्यायातील हिब्रू शब्द 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द आला आणि मत्तयने तोच घेतला. हे समजल्याने कोणाची श्रद्धा मोडावीच असे नाही. पण हिब्रू ग्रंथ आपल्या पद्धतीने वाचणारा यहुदी लबाड किंवा आंधळा नाही, एवढे तरी मान्य करावे लागते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणले; ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुळापर्यंत जाण्याने त्यांची श्रद्धा कमी झाली नाही.

१९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर टाकता येणार नाही, असे जाहीर केले. हे म्हणायला इतकी शतके का लागली, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताने स्वतःला विचारावा. ज्या ग्रंथापुढे आपण मान झुकवतो तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि कोणाविरुद्ध वापरला गेला, हे विचारणे म्हणजे ग्रंथाचा अपमान नव्हे. न विचारण्याची किंमत मात्र नेहमी दुसऱ्यालाच मोजावी लागते.