घरची विद्या आणि उघडें अंगण

विद्या कशी जपावी, या प्रश्नाचीं दोन उत्तरें जगांत आढळतात. घरच्या माणसाखेरीज ती कोणास देऊं नये, हें एक. आणि मागेल त्यास ती द्यावी, हें दुसरें. ताइ-ची या चिनी मुष्टिविद्येच्या इतिहासांत हीं दोन्ही उत्तरें एकामागून एक दिलेलीं दिसतात.

चीनच्या होनान प्रांतांत चेन्-च्या-कौ नांवाचें खेडें आहे. तेथील चेन घराण्यानें सतराव्या शतकापासून ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. ती सहसा मुलांपुतण्यांनाच मिळे. जीवित व वित्त यांचें रक्षण मनगटाच्या बळावर करावें लागे, त्या काळीं आपले डाव परक्यास शिकविणें म्हणजे त्याच्या हातीं आपल्याविरुद्ध शस्त्र देणेंच होतें.

अशा गांवीं यांग लु-छान (१७९९–१८७२) हा परगांवचा तरुण आला. रात्रीं चालणारी तालीम तो भिंतीआडून चोरून पाही, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चेन छांग-शिंग (१७७१–१८५३) या आचार्यांनीं त्याला शिष्य केलें आणि कुळाबाहेरचा माणूस या विद्येचा वारस झाला, हें निश्चित. पुढें लु-छान पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेला आणि मांचू सरदारांच्या वाड्यांत शिकवूं लागला.

१९१२ सालीं बादशाही संपली. बंदुकीपुढें मुठीचें मोल तर आधींच उतरलें होतें. मग ही विद्या शिकावी तरी कशासाठीं? याचें उत्तर आरोग्य या एका शब्दांत मिळालें. त्याच वर्षीं पेकिंगमध्यें व्यायामविद्येच्या अभ्यासाची एक संस्था निघाली. तेथें लु-छानचा नातू यांग छंग-फू (१८८३–१९३६) आणि वू च्येन-छ्वान यांच्यासारखे आचार्य सर्वांस शिकवूं लागले. यांग घराण्यांत उड्या व झटक्याचे आघात हळूहळू कमी होत गेले होते. छंग-फूनें सर्व हालचाली संथ व एकसारख्या केल्या. त्यामुळें नाजूक प्रकृतीच्या माणसासही ही विद्या साध्य झाली. १९५६ सालीं चीनच्या क्रीडा आयोगानें मुख्यतः यांग पद्धतीवरून २४ हालचालींचा लहानसा क्रम बसविला आणि ती बागाबागांतून पसरली. २०२० सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

विद्या पसरली तशी ती पातळ झाली, असा आक्षेप जुने जाणकार घेतात, आणि तो अगदींच खोटा नाहीं. नुसता क्रम पाठ करणारास हालचालींतील मर्म कळतेंच असें नाहीं. परंतु या शिक्षणाचा एक भाग पातळ होण्यासारखा नाहीं. दोघे समोरासमोर उभे राहून मनगटास मनगट लावतात आणि एकमेकांचा तोल चांचपतात. जो ताठ राहतो तो ढळतो. जो जोरास जोर न लावतां वळतो, तो टिकतो. हें पुस्तकांतून येत नाहीं, चोरून पाहूनही येत नाहीं. गुरूच्या हाताला हात लागावा लागतो.

भिंतीनें ही विद्या कांहीं पिढ्या राखली. उघड्या अंगणानें ती जगाची केली. परंतु भिंतीआड काय किंवा अंगणांत काय, ती पुढें गेली ती एका हातांतून दुसऱ्या हातांतच.