पैसा फंडाची काच आणि मोटारीची काच

आज काचेविषयी बोलायचे आहे, आणि तेही मोटारीच्या काचेविषयी. कोणी म्हणेल, आमच्या दारात मोटार कुठे आहे? नसेलही. पण तालुक्याला जाणारी एस. टी., शाळेची सहल नेणारी गाडी, रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचवणारी शेजाऱ्याची जीप, यांत तुम्ही बसताच. समोर दगड उडून आला, तर तुमचे डोळे आणि तो दगड यांच्यामध्ये असते ती एक काच. ती कशी फुटते, यावर बरेच काही ठरते.

आपल्या पुणे जिल्ह्याचा काचेशी संबंध जुना आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांच्या मनात आले की देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा दिला, तर त्यातून देशी उद्योग उभे राहतील. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली. स्वयंसेवक गल्लोगल्ली डबे घेऊन फिरले. त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली, पण भट्टी पेटलेली राहिली. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. हा नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. तिथे हात बसलेली माणसे पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ आपला कारखाना काढला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोचला.

त्या कंदिलाची काच आठवते ना? तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की ‘टिच्‌’ करून ती तडकायची. का बरे? जिथे थेंब पडला तिथली काच चटकन आकसते, बाजूची गरम काच तशीच पसरलेली राहते, आणि या ओढाताणीत ती चिरते. साध्या काचेचा हा स्वभाव. आणि अशीच साधी काच सुरुवातीला मोटारींना लावत. टक्कर झाली की सुऱ्यासारखे लांब तुकडे माणसांच्या तोंडात, गळ्यात शिरत. वारा अडवायला लावलेली काच जिवावर उठायची.

यावर पहिला तोडगा निघाला तो एका फ्रेंच चित्रकाराच्या हातून. एदुआर बेनेडिक्टस हा चित्रकार होता, पण रसायनशास्त्राचाही जाणकार होता. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडले, तडे गेले, पण तुकडे सुटले नाहीत, असे सांगतात. पात्रात पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते; ते वाळून आतून पातळ पापुद्रा धरला होता, त्याने तुकडे धरून ठेवले. १९०९ साली त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांना ही काच लागली. मोटारींत ती रुळायला मात्र वेळ गेला, कारण महाग पडे, आणि मधला थर उन्हाने पिवळा पडे. १९३०च्या दशकात पॉलिव्हिनिल ब्युटिरल हा चिवट, स्वच्छ थर आला आणि तो प्रश्न मिटला. आजही पुढच्या काचेत तोच असतो. जाडी साधारण पाऊण मिलिमीटर. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात.

दुसरा तोडगा अगदी निराळा. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचा झोत मारायचा. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो, ते पाहिले आहे ना? तापलेले लोखंड गार होताना आकसते आणि आतले लाकूड आवळून धरते. इथे उलटे आहे: बाहेरची कातडी आधी थिजते, आतली काच मागाहून आकसते आणि त्या कातडीला आवळते. अशी आवळलेली काच साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट होते. पण एकदा कातडी भेदली की सगळा ताण एकदम सुटतो आणि काचेचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. तुकडे बोथट असतात. ही टफन्ड काच. दारांना आणि बहुतेक गाड्यांच्या मागे असते ती.

शिक्षकांनी ही गंमत मुलांना जरूर सांगावी. पण एक काळ असा होता की पुढेही टफन्ड काच बसवत. दगड लागला की सबंध काच क्षणात दुधासारखी पांढरी व्हायची. समोरचा रस्ता दिसेनासा. वेग साठचा, आणि ड्रायव्हर मुठीने काचेला भोक पाडतो आहे! म्हणून आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत, जे १९८९ चे आहेत, पुढची काच लॅमिनेटेडच हवी असे नंतर घालण्यात आले. लॅमिनेटेड काचेला तडा जातो, पण तिच्यातून दिसत राहते.

तळेगावाहून वीसेक किलोमीटरवर चाकण. त्या परिसरात कुरुळी गावी सेंट-गोबेन या फ्रेंच घराण्याच्या कंपनीचा मोटारींच्या काचांचा कारखाना आहे. हे घराणे फ्रान्सच्या राजाने १६६५ साली आरशांसाठी स्थापन केले; म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी! पैशापैशाने उभ्या राहिलेल्या भट्टीच्या शेजारी राजाच्या आरशांचा वारस येऊन बसला, हा योगायोग मला तरी मौजेचा वाटतो. आणि काचेची परीक्षा पाहणारी संस्थाही पुण्यातच आहे: वेताळ टेकडीजवळची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, ‘एआरएआय’.

आता दुरुस्तीचे. टफन्ड काच दुरुस्त होत नाही. कोणी ‘भरून देतो’ म्हणाला तर ऐकू नका. ती नवीनच बसवावी लागते, आणि घडवल्यावर ती कापताही येत नाही. पुढच्या काचेचे तसे नाही. खडा लागून वरच्या थराला टवका गेला, रुपयाएवढा किंवा लहान, तर तो भरता येतो. ही रीत १९७०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. टवक्यातली हवा ओढून घेतात, पातळ राळ आत सोडतात आणि जंबुपार किरणांचा दिवा धरून ती घट्ट करतात. डाग थोडा राहतो, पण तडा पुढे सरकत नाही. टवका ड्रायव्हरच्या ऐन नजरेसमोर असेल, काचेच्या कडेला पोचला असेल किंवा आतल्या थरालाही लागला असेल, तर मात्र बदलणेच बरे. भरायचे असेल तर उशीर नको. त्यात धूळ आणि पाणी शिरले की राळ नीट बसत नाही. पोचेपर्यंत वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. आणि वैशाखात तापलेल्या काचेवर गार पाण्याची बादली ओतू नये. कंदिलाची गोष्ट आठवा.

नवी काच घेताना तिचा कोपरा वाचा. तिथे आयएसआयचे चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक असावा. काळी फिल्म बाजारात मिळते म्हणून चिकटवू नका. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के, बाजूच्यांतून ५० टक्के उजेड आत यावा असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली वरून फिल्म लावायलाच बंदी केली. ज्यांचा सर्वंकष विमा आहे त्यांना एक माहिती: रबर, प्लॅस्टिक यांच्या किमतीतून घसारा कापला जातो, काचेच्या किमतीतून कापला जात नाही. पण दावा केला तर पुढच्या वर्षीची सूट जाते का, ते आधी विचारून घ्यावे.

गाडी पाण्यात गेली किंवा दारे अडकली, तर पुढच्या काचेवर ठोसे मारत बसू नका. ती फुटून मोकळी होत नाही. दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तू मारा.

जुन्या जीपगाड्यांची काच रबरी पट्टीत बसे. कुठलाही मिस्त्री ती काढून घाली. आताची काच गोंदाने सांध्याला चिकटवलेली असते आणि गाडीच्या सांगाड्याला आधारही देते. म्हणून ती बसवल्यावर मिस्त्री सांगेल तितके तास गाडी हलवू नये, एखादी काच बोटभर खाली ठेवावी, आणि दारे आपटू नयेत. बंद गाडीत दार आपटले की आतली हवा ओल्या गोंदावरची काच बाहेर ढकलते.