उचललेली ट्रॉली खाली का बसते?
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी-नेवासे भागात मुरूम, शेणखत वाहणाऱ्या डंपिंग ट्रॉलीचा उचललेला हौदा हळूहळू खाली येऊ लागला, की प्रथम जॅकच्या सीलवर संशय घेतला जातो. जॅक कोरडा असेल, तर तो अनाठायी होय. एकाच पाइपावर चालणाऱ्या या जॅकमधील तेलाला वाटा दोनच: सीलमधून बाहेर, नाही तर व्हॉल्व्हमार्गे परत ट्रॅक्टरच्या टाकीत. बाहेर गेलेले तेल दांड्यावर दिसतेच. न दिसल्यास दोष व्हॉल्व्हचा. त्याच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही.

खात्रीसाठी रिकामा हौदा उचलून खाली भक्कम टेकू द्यावा (टेकूविना खाली शिरणे जिवावर बेतू शकते), वर दोन बोटे फट ठेवावी आणि जॅकजवळ कॉक असल्यास तो बंद करावा. हौदा जागीच राहिला, तर जॅक निर्दोष आणि सील किटचा खर्च वाचला.