वक्तृत्व शिकवणाऱ्याची आजी

केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. जन्म पनवेलचा, १८८५ चा. 'प्रबोधन' १९२१ ला सुरू झालं, पण त्याआधीच त्यांचं 'वक्तृत्वशास्त्र' आलं होतं. पुढाऱ्याने, कार्यकर्त्याने सभेत बोलावं कसं, हे मराठीत शास्त्र म्हणून मांडणारं पुस्तक.

हे वळण आलं कुठून? 'माझी जीवनगाथा' वाचताना माझं बोट त्यांच्या आजीवर, 'बय'वर थांबलं. बय सुईणपण करायची, जातपात न बघता. एकदा नातवावर अस्पृश्य मानलेल्या माणसाची सावली पडली म्हणून विटाळाची ओरड झाली. बयने त्याला ब्राह्मणाच्या सावलीत उभं केलं आणि विचारलं, मग आता हा ब्राह्मण झाला का? समोरच्याचाच नियम चारचौघांत त्याच्यावर उलटवायचा! मला तर यात अर्धं वक्तृत्व दिसतं.

पण थांबा. जीवनगाथा छापली गेली १९७३ ला, लेखकाच्या अगदी उतारवयात. किस्सा इतका घोटीव आहे, तो बयमुळे की आयुष्यभर भाषणं केलेल्या नातवामुळे? आपण विज्ञानवाले कारण-परिणाम पटकन जोडतो. इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: प्रसंग जसाच्या तसा घडला का, आणि तो इतकी वर्षं का जपला गेला. दुसऱ्याला जीवनगाथा पुरते. पहिल्याला दुसरा साक्षीदार हवा, आणि सुइणींच्या बोलण्याची नोंद दप्तरात कोण ठेवणार? आमच्या सापगावातही सुइणीच्या हातून जन्मलेली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. भातकापणी उरकली की रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडेच बसणार आहे.