ड्रॉपडाउनमधली १४० वर्षं

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजच्या भागाचं हे लिखित रूप. अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

गोष्ट सुरू होते एका फोनवरून. माझी मावसबहीण कराडला असते. बी.ए. मानसशास्त्र नुकतं संपलेलं. फोनवर म्हणाली, "दादा, मला स्पेशल एज्युकेशनमध्ये बी.एड. करायचंय. पण फॉर्म अडलाय."

मला वाटलं साइट हँग झाली असेल. आपण पडलो इंजिनिअर, लगेच म्हणलं कॅशे क्लिअर कर. ती म्हणाली, "अरे तसं नाही. ड्रॉपडाउन आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता. यातलं एकच निवडायचंय. मला तर साध्या शाळेत काम करायचंय, तिथं सगळीच मुलं येणार. मग एकच का?"

मी रोज ड्रॉपडाउन बनवतो. त्यात कोणते पर्याय ठेवायचे हे कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, हे मला माहितीय. हे कुणी ठरवलं, कधी? शोधायला लागलो आणि थेट १८८० पर्यंत मागे गेलो.

त्या वर्षी इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यात स्वतः कर्णबधिर फक्त एक. ठराव झाला की मुलांना हातांच्या खुणांनी नाही, ओठ वाचून आणि बोलूनच शिकवायचं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या शाळांत सांकेतिक भाषा मागे पडली. ज्यांच्याबद्दल निर्णय झाला, ते खोलीत जवळपास नव्हतेच. या परिषदेच्या वारसदारांनी २०१० साली व्हँकुव्हरमध्ये त्याबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी!

मिलाननंतर पाचच वर्षांनी, १८८५ मध्ये, मुंबईत माझगावला कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. बिशप लिओ म्यूरिन यांनी काढलेली ही शाळा भारतातल्या अशा पहिल्या शाळांपैकी एक. ड्रॉपडाउनमधला एक पर्याय इथं उगवला.

दुसरा, दृष्टिदोष. १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली, ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. आपल्याकडे १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी काम सुरू केलं. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. शाळा होत्या, पण अशा मुलांना शिकवायची पदवी नव्हती. कोलकात्याच्या मूकबधिर शाळेचे यामिनीनाथ बॅनर्जी हे शास्त्र शिकायला इंग्लंड-अमेरिकेला गेले होते. बाकीचे शिकवता शिकवता शिकत. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन नाही, सिनिअरच्या शेजारी बसून काम उचलायचं.

तिसरा पर्याय आईवडिलांनी आणला. होरमसजी आणि जय वकील या मुंबईच्या दांपत्याची मुलगी डिना हिला डाउन सिंड्रोम होता. तिच्यासाठी १९४४ मध्ये त्यांनी जे सुरू केलं, त्यातून शिवडीची जय वकील शाळा उभी राहिली.

मग १९७२. मिठू आलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. तिच्याजोगती शाळाच नव्हती, म्हणून आईनं मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली. मालिनी चिब पुढे झेविअर्सला शिकल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि करंगळीनं टाइप करत आत्मचरित्र लिहिलं.

१९९६ मध्ये महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आली, त्यातही पालक पुढे होते. 'तारे जमीन पर' यायला अजून अकरा वर्षं होती. तोवर वर्गातल्या कितीतरी ईशानांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलं जात होतं. माझ्याही वर्गात एक होता. गणितं तोंडी फटाफट सोडवायचा, लिहायला लागला की सगळं उलटसुलट. बाईंनी त्याला वर्षभर ओळी लिहायला लावल्या आणि आम्ही हसायचो. आज हे सांगताना बरं वाटत नाही.

असो. तर ड्रॉपडाउनचं उत्तर मिळालं. कुणी एकानं बसून ते बनवलं नाही. एकेक मिशनरी, एकेक आई, एकेक शाळा असं करत ते साठत गेलं. प्रत्येकाची गरज वेगळी, कौशल्य वेगळं. ब्रेल शिकवणं आणि स्वमग्न मुलाला दिवसाचं वेळापत्रक चित्रांतून समजावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून पदवीही तशीच विभागली गेली.

आता कायद्याकडे येऊ, कारण आमची गाडी इथंच घसरणार होती. बहिणीची अडचण ऐकून मी हुशारी केली. एका ठिकाणचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा शोधला. सगळे प्रकार एकाच कोर्समध्ये, घरबसल्या, सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का. काकाही खूश: "दोन वर्षं कशाला घालवायची?" मी पैसे भरायला बसलो, ओटीपी यायचा होता. तेवढ्यात बहिणीनं विचारलं, "दादा, याला आरसीआयची मान्यता आहे ना?" फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, "तसं काही लागत नाही हो."

लागतं! भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा कायदा १९९२ चा. या क्षेत्रात काम करायचं तर मान्य अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव हवं. नोंदणीशिवाय काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात लिहिलंय. ओटीपी आला, पण आम्ही टाकला नाही. मी तिला जवळजवळ खड्ड्यात घातलं होतं, हे इथं कबूल करतो.

काकांचा पुढचा प्रश्न रास्त होता: "एवढं करून नोकरी आहे का?" त्याचंही उत्तर इतिहासातच आहे. १९७४ मध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांना साध्या शाळेत आणायची योजना काढली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. मुलं साध्या शाळेत आली, पण त्यांना शिकवणारे पुरेसे आले नाहीत. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयानं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं अधिसूचित करायला पुन्हा बजावावं लागलं. म्हणजे गरज आहे, हे कागदावर पक्कं आहे. पण पदं भरण्याचा वेग सरकारी आहे. काकांना मी दोन्ही सांगितलं. एकच सांगितलं असतं तर ती फसवणूक झाली असती.

आणि बहिणीचा मूळ प्रश्न? आरसीआयच्या बी.एड. अभ्यासक्रमात एक भाग सर्व प्रकारच्या अपंगत्वांची ओळख आणि समावेशक शिक्षण यांचा असतो, एक भाग निवडलेल्या विषयाचा. म्हणजे एक दार निवडलं म्हणून बाकीची खोली अंधारी राहत नाही. एकात खोल जायचं, बाकीच्यांची ओळख ठेवायची. आमच्याकडेही बॅकएंडवाल्याला थोडं फ्रंटएंड यावंच लागतं.

कुणी हाच विचार करत असाल तर आम्ही काय केलं ते सांगतो. आधी आरसीआयच्या साइटवर संस्थेचं नाव पाहिलं. मग तोच विषय आणि तेच वर्ष मान्य आहे का ते पाहिलं, कारण मान्यता संस्थेला सरसकट नसते, अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती असते. नियमही बदलतायत. नव्या शैक्षणिक धोरणाला २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हवीय, त्यामुळे बारावीवाल्यांनी तिकडेही बघा. मुंबईत एसएनडीटी, चेंबूरचं हशू अडवाणी कॉलेज, वांद्र्याची अली यावर जंग संस्था अशी जुनी नावं आहेत.

सगळ्यात शेवटी, आणि खरं तर हे आधी करायला हवं होतं, बहीण आठवडाभर एका विशेष शाळेत जाऊन बसली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. एका मुलानं तीन दिवस तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. चौथ्या दिवशी त्यानं येऊन तिच्या ओढणीचं टोक धरलं आणि डबा खाईपर्यंत सोडलं नाही. "एवढंच झालं, दादा," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "मी बौद्धिक अक्षमता निवडतेय."

फॉर्म तिनंच भरला. मला फक्त फोटो अपलोड करून द्यायला सांगितलं, तो पन्नास केबीच्या वर जात होता.

तुमच्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसायचं, ते आठवून बघा. आठवलं तर मला व्हॉइस नोट पाठवा, नावं न घेता. भेटूया पुढच्या भागात.